चार एकशे एक

वाशीमच्या एका धान्यपेढीत मंजुषाबाई एकोणीस वर्षे टेलिफोन ऑपरेटरच्या खुर्चीवर बसत आल्या होत्या. पेढीची कार्यालये चार : मुख्य वाशीमचे, शाखा मालेगाव, मेडशी आणि अनसिंग येथे. मालेगावात भिजलेले सोयाबीन आले आहे की मेडशीत काट्यावर भांडण जुंपले आहे, हे बाईंना पलीकडच्या पहिल्या 'हॅलो'वरूनच उमगे. कोणास कोणाशी जोडावे, आणि कोणाचा राग निवेपर्यंत जोडू नये, हा विवेक त्यांनी ग्रंथाविना साधला होता.

श्रावणात एका सकाळी मालक गोपीचंदशेठ यांनी या विवेकाचे मोल केले. चारही कार्यालयांचे फोन आता इंटरनेटवरून एकमेकांस जोडले जाणार; जो तो आपल्या टेबलावरूनच हवा तो आकडा दाबील; सबब दिवाळीनंतर ऑपरेटर नको. हे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत सांगितले. माणसाकडे पाहून असे बोलण्याचे धैर्य शेठजींच्या ठायी कधीच नव्हते. बाईंचे यजमान हयात नव्हते. लेक निकिता अकोल्यास शिकत होती. त्या खुर्चीवरच घर उभे होते.

यंत्र बसविण्यास ऋषिकेश नावाचा तंत्रज्ञ आला. त्यास पहिल्याच दिवशी आढळले की शेठजींच्या आणि तिन्ही शाखांच्या साहेबांच्या फोनचा आकडा एकच आहे : एकशे एक. आहेराच्या पाकिटातला हा शकुनाचा आकडा. खंडेनवमीस त्या फोनांना हळदकुंकू वाहण्याची पेढीची रीत. आजवर चारही यंत्रे निरनिराळी होती म्हणून निभावले. एका जाळ्यात चार एकशे एक कसे नांदणार?

तोड बाईंनीच सुचविली, जरी तिने त्यांचीच खुर्ची जाणार होती. प्रत्येक कार्यालयास एकेक अंक द्यावा. तो आधी दाबून मग एकशे एक दाबावे. वाशीमला एक, मेडशीला दोन, मालेगावला तीन, अनसिंगला चार.

यावर जी सभा भरली, तिच्यात सोयाबीनचा दाणाही चर्चिला गेला नाही. मालेगावचे जगदेवराव म्हणाले की त्यांची शाखा सर्वांत जुनी, कालच्या मेडशीमागे उभे राहण्यापेक्षा ते फोनच उचलणार नाहीत. अनसिंगचे साहेब शेवटच्या अंकाने रुसले. अंकांचे स्थान दहापट मोल ठरविते हे ज्या भूमीने जगास शिकविले, तिची ही लेकरे अंकात केवळ पोळ्याच्या रांगेतला मान शोधीत होती. बाई काही बोलू पाहताच जगदेवरावांनी त्यांना थांबविले.

"बाई, तुमी जोडाचं काम करा. मानाचं आमी पाहू."

अखेर शेठजींनी निर्णय दिला : आधी अंक कोणासच नको, सर्वांचे एकशे एक अखंड राहील. हे चालणार नाही, असे ऋषिकेशने सांगितले. एवढे महाग यंत्र आहे, समजून घेईल, असे त्यास उत्तर मिळाले.

दसऱ्यास नारळ फुटला. मालेगावला शुभेच्छा देण्यासाठी शेठजींनी आपल्याच फोनवरून एकशे एक दाबले. लाईन व्यग्र. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मालक स्वतःलाच शुभेच्छा देऊ पाहत होते. तिकडे जगदेवरावही एकशे एक दाबीत होते, आणि शेठ मुद्दाम बोलत नाहीत अशी त्यांची खात्री पटत चालली होती. शेवटी शेठजींनी बाईंना बोलाविले, आणि मालेगाव लावून द्या म्हणाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत.

"शेठ, शून्य कोनालेच नको होता. थो माह्या फोनले द्या. ज्याले बोलाचं त्यानं शून्य दाबावं, मी जोडून देते. दिवाळीनंतरही."

शेठजींनी कॅलेंडराकडे पाहिले, आणि मान हलविली.

सभेने धिक्कारलेले ते अंक ऋषिकेशने कोणास न सांगता एकट्या बाईंच्या फोनात भरले. पहिले शून्य जगदेवरावांनी दाबले. "बाई, शेठले द्या," एवढेच ते बोलले, पण स्वर तापलेला होता.

"थांबा जरा, साहेब. लाईन बिझी हाये."

लाईन मोकळी होती. बाईंनी सावकाश पाण्याचे दोन घोट घेतले, आणि मग जोडून दिले.