हसून झाल्यावर

काल मध्य प्रदेशातल्या वारासिवनीला बस राइस मिलजवळ थांबली आणि खिडकीतून गरम कोंड्याचा वास आला. माझ्या थोरल्या भावाच्या सदऱ्याला हाच वास असायचा.

गावच्या मराठी शाळेतून मी नववीला हायस्कुलात गेले, तर तिथे सगळं हिंदीत. बीजगणित कळेना म्हणून उठून विचारलं आणि माझी मोडकी हिंदी ऐकून वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी दप्तर कोनाड्यात कोंबलं आणि उद्यापासून भाताच्या रोवणीला जाणार, असं सांगून टाकलं.

मिलमधून आलेला भाऊ ओट्यावर पाय धूत होता. भुवयांवर कोंडा तसाच.

"काहून वं सुमे, शाळा सोडून राह्यली म्हणे?"

"सारे हासतेत मले."

"गुरुजीनं सांगितलं का नाही मंग?"

"हौ. फळ्यावर दोनदा करून दाखवलं."

"मंग झालं तं! हासून झाल्यावर गुरुजी सांगतेच. रोज एक गोष्ट विचारत जाय. रोवणीत तं तुह्यानं एक ओळ सरळ लागत नाही, तिथंबी हासतीलच!"

मी शाळेत गेले. रोज विचारत राहिले.

बी.ए. झाले त्या दिवशी पेढा खाताना भाऊ हळूच म्हणाला, "मी नववीत दोनदा बसलो, पण एकबी गोष्ट विचारली नाही."

काल कोंडा उडून माझ्या पांढऱ्या केसांवर बसला. शेजारच्या सीटवरची मुलगी हसली. मी खिडकी उघडीच ठेवली.