मुंग्यांची हिंदी

केमोने केस जातात हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. माझे गेले तेव्हा शेजारणी येऊन चुकचुकून गेल्या, चहा पिऊन गेल्या. केसांची माझ्या मनाची तयारी होती, उलट्यांचीही होती. ज्याची कुणी कल्पनाच दिली नव्हती ते बोटांच्या टोकांपासून सुरू झालं. ब्लाउजचे हूक लागेनात. तांदूळ निवडताना खडा हाताला लागेना, डोळ्यांनी हुडकावा लागे. हातापायांना दिवसरात्र मुंग्या. कुणाला सांगायला जावं तर उत्तर तयार, "आता वय झालं न बाई." मी साठी ओलांडलेली, त्यामुळे वाद घालायचीही सोय नव्हती. गाठ निघाली तेव्हा तो आजार होता, बोटं गेली तेव्हा ते वय झालं. हा हिशोब कुणी लावला कोण जाणे.

मला बोटं हवी होती. चिचगडला दिलेली माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि आमच्या दवनीवाड्यात तान्ही बाळं न्हाऊ घालावीत ती मी. शाळेत मास्तरीण होते तेव्हाही घंटेच्या आधी कुणाकडे तरी जाऊन पाय पसरून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची आणि तेल जिरेपर्यंत चोळायची. रडणारं बाळ माझ्या पायांवर झोपी जायचं. नवरा गेला, नोकरी संपली, एक छातीही गेली. हे एक काम उरलं होतं, ज्यात मला कुणी अक्कल शिकवू शकत नव्हतं. मुलीचं बाळ मीच न्हाऊ घालीन, एवढ्यासाठी मी केमोला हो म्हटलं होतं. नाहीतर मी कधीच नको म्हणून टाकलं असतं.

तर मी मुंग्यांचं डॉक्टरला सांगायचं ठरवलं. डॉक्टर हिंदी बोलणारा. गोंदियात काय, सगळंच हिंदीत चालतं. भाजी, रिक्षा, साडीचं दुकान, एवढी हिंदी मलाही येते. आजाराची हिंदी कधी लागलीच नव्हती. सोबत आलेला माझा मुलगा खाली औषधांच्या रांगेत उभा, आत मी एकटी. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, हाथ-पाँव में बहुत चींटियाँ आती हैं."

त्याने पेन खाली ठेवलं. "कब आती हैं?"

"दिनभर. रात को जादा. यहाँ तक चढ़ती हैं." मी कोपर दाखवलं.

"घर में और किसी को दिखती हैं?"

मला त्याच्या प्रश्नाचा रागच आला. "दूसरों को कैसे दिखेंगी? मेरे को ही आती हैं न!"

तो फार गोड हसला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण इतक्या महिन्यांत तो माझ्याकडे बघून हसला नव्हता. मला बाहेर बसवून त्याने मुलाला आत बोलावलं. त्या दिवसापासून रात्रीची एक नवी गोळी सुरू झाली. ती घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जीभ जड. मला वाटलं, मुंग्यांवरचं औषध असेल.

घरात काय बदललं ते मला हळूहळू दिसत गेलं. मुलगा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला आणि माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणायला लागला. कामावर जाताना गॅस सिलिंडरजवळ बंद करून जाई. मुलगी आली तीही तशीच. आणि एका सकाळी तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "आई, बाळाच्या न्हाण्यासाठी बाई सांगून ठेवली मी."

"कायले? मी मेली का?"

ती आधी टाळत राहिली. मग चिडून तोंडावर बोलली, तशी ती पहिल्यापासून फटकळच. "तुले भास होऊन राहिले. डॉक्टर म्हणाला दादाले. मुंग्या दिसते तुले. वाद घालू नका म्हणाला."

मी हसले आणि मग हसू थांबेना, आणि तेही माझ्या विरोधातच गेलं. मी समजावून सांगितलं. दिसत नाही गं, येतात, हाताला मुंग्या येतात, तुला बसून बसून पायाला येतात तशा. ती ऐकत होती, पण नजर भावाकडे होती. मुलगा म्हणाला, "हो आई, बरोबर आहे तुझं." त्या 'हो'ने माझं डोकं फिरलं. शहाण्या माणसाशी लोक भांडतात तरी. त्या दोघांनी माझ्याशी भांडणंच सोडून दिलं होतं. पस्तीस वर्षं मी पोरांना शब्दाचा अर्थ शिकवला, आणि माझ्या स्वतःच्या पोरांनी माझ्या शब्दापेक्षा परक्या माणसाने लावलेला अर्थ खरा धरला. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

पुढच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बालाघाटकडची एक हिंदी बोलणारी बाई शेजारी होती. तिला मी हात झटकून, बोटं चोळून दाखवलं आणि विचारलं, "इसको क्या बोलते?"

"झुनझुनी," ती म्हणाली.

झुनझुनी. लहान पोराच्या खुळखुळ्यासारखा शब्द. मी तो घोकत आत गेले आणि या वेळी मुलालाही हाताला धरून नेलं. शब्द ऐकताच डॉक्टर सरळ बसला. डोळे मिटायला सांगितले. "सुई चुभेगी तो बताइए." मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने विचारलं, "कब करोगे?" तर त्याचं टोचून झालं होतं.

"पहले बताना था न, माताजी. दवा बदल देते, डोस कम करते."

"बताया था. चींटी बोला था मैंने."

"अच्छा, वो चींटियाँ!" म्हणून तो मनापासून हसला. मुलगाही कसनुसा हसला. मी हसले नाही. केमो त्या दिवशी संपणार होती, आता बदलायला काही उरलं नव्हतं. बोटं परत येतील का विचारलं, तर म्हणाला, थोडी येतील, थोडी नाही, "इस उम्र में." ती रात्रीची गोळी मात्र बंद झाली. माझी माफी मागावी असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

मुलीला मुलगी झाली. मी घरात जाहीर केलं, न्हाऊ मीच घालणार. मुलगी कां कूं करत होती. मी म्हटलं, "आता त भास नाही न मले? मग काऊन नाही?" तिने सांगून ठेवलेल्या बाईला नको म्हणून कळवलं.

पाटावर बसले, पाय पसरले. पाणी कोपराने बघितलं, कोपराला अजून कळतं. नातीला नडग्यांवर घेतलं, तेल लावलं, उलटं करायला दंड धरला. ती एकदम किंचाळली. हात सोडला तर त्या एवढ्याशा दंडावर माझ्या बोटांचे लाल ठसे. मी किती जोरात धरलं ते बोटांनी मला सांगितलंच नाही, तिच्या रडण्याने सांगितलं. मग सैल धरलं, तर ती तेलाने निसटून पाटाकडे घसरायला लागली. तेही मला डोळ्यांनीच दिसलं. मुलगी दारात उभी होती. तिने काही पाहिलं नव्हतं, ठसेही पुसट होत चालले होते. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं.

मी नातीला टॉवेलात गुंडाळलं आणि मुलीच्या हातात दिलं. "त्या बाईले बोलाव उद्यापासून."

मुलीने बाळ घेतलं. "मंग इतकी भांडली कायले?"

"पागल नाही म्हणून," मी म्हटलं. "पागल असती त दिली नसती तिले तुझ्याजवळ."