खळ घातलेली फडकी

निकाल लागेपर्यंत माझं एका जागी बसणं बंद झालं होतं. भाजी चिरायला घेतली की गॅसवरचं दूध आठवायचं, दूध बघायला उठले की दोरीवरचे कपडे. कांदिवलीच्या आमच्या एवढ्याशा घरात मी दिवसभर कुठे चालत होते, कोण जाणे. मुलगी म्हणायची, "आई, बस ना गं. फिरतेस तू आणि चक्कर मला येते."

ती अंधेरीला एका लॅबमध्ये आहे. दूध, तेल, मसाले, मिठाई असं खाण्याचं सगळं तिथे तपासतात. तपासायची ती, पण रिपोर्टवर सही दुसऱ्याची. सही करायची तर सरकारची फूड अॅनालिस्टची परीक्षा पास व्हावं लागतं. आधी लेखी, मग हाताने करून दाखवायचं. मागच्या खेपेला ती लेखी पास झाली आणि प्रॅक्टिकलमध्ये राहिली. यंदा पुन्हा बसली होती. "ह्या वेळी नाही झालं तर सोडून देईन," असं एकदा जेवताना म्हणाली. ताटातून मान वर केली नाही, म्हणून मला ते खरं वाटलं.

मी चौथीपर्यंत शिकले. तिच्या पुस्तकातलं मला कळत नाही. मला कळतं ते कपड्यांचं. आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या शिक्षिका त्यांच्या सुती साड्या माझ्याकडे देतात. तांदळाची खळ मी घरीच शिजवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा पांढरा कोट धुतला. म्हटलं, परीक्षकांपुढे पोरगी नीट दिसू दे. खळ चांगली दाट केली. काचेच्या नळ्या पुसायची तिची पांढरी फडकी होती, तीही त्याच टबात बुडवली. इस्त्री केल्यावर पापडासारखी झाली. कोट बघून ती म्हणाली, "आई, झकास!" फडकी घडीसकट पिशवीत गेली.

परीक्षेहून आली तेव्हा चपला न काढताच तिने एक फडकं माझ्यापुढे धरलं. मधोमध काळानिळा डाग.

"हे काय गं?"

"तुझी खळ."

मग तिने सांगितलं. खव्याचा नमुना होता. खव्यात पीठ मिसळतात, ते आहे की नाही ओळखायचं. खवा पाण्यात उकळायचा, गार करून आयोडीनचे थेंब टाकायचे. पीठ असलं की निळा रंग येतो. शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवायची, तिला रंग येता कामा नये. हिच्या दोन्ही नळ्या निळसर झाल्या.

"नुसतं पाणी निळं, आई! म्हटलं, वाट लागली. मग हातातलं फडकं कडक लागलं. त्याच्यावर एक थेंब टाकला, तर हे असं." ती खाली बसली. "फडक्याला कोण खळ घालतं गं?"

"कोटाला घातली, म्हणून..."

"नशीब, डब्यातल्या पोळ्यांना नाही घातलीस."

ती हसली. मला हसू येईना. नळ्या पुन्हा धुऊन, न पुसता निथळत ठेवून तिने सगळं पहिल्यापासून केलं. खवा चांगला निघाला. पण त्यात वेळ गेला आणि तेलाची तपासणी अर्धी राहिली. शिवाय पेपरात तिने सगळं लिहून टाकलं: फडक्याला खळ होती, पहिली तपासणी रद्द धरावी.

"असं लिहायचं असतं?" मी विचारलं.

"लिहावंच लागतं. चांगल्या खव्याला मी भेसळीचा म्हटलं असतं, आई."

"आणि त्यावरून नापास केलं तर?"

ती पाय धुवायला उठून गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. मेडिकलमधून आयोडीनची बाटली आणली आणि दिसेल त्याच्यावर थेंब टाकत सुटले. भात निळा, बटाटा निळा, कणीक निळी. खळीचा टब काळाकुट्ट. माझ्या नखांच्या कडासुद्धा निळ्या झाल्या. शेजारीण साखर मागायला आली आणि बघत राहिली.

"काय गं, शाई सांडलीस? पोरगी झाली का मोठी साहेब?"

"अजून निकाल नाही. खवा तपासायचा होता परीक्षेला."

"खव्याची कसली मेली परीक्षा! आमची सासू नुसता बोटावर चोळून सांगायची."

मला उत्तर सुचलं, पण ती जिना उतरून गेल्यावर. नेहमी असंच होतं. म्हणून तर हे लिहिते आहे.

निकालाचा फोन आला तेव्हा मी एका बाईंची साडी इस्त्री करत होते.

"आई, झाले पास!"

मी आधी इस्त्री उभी करून ठेवली.

"आई? आहेस ना? बोल की काहीतरी."

"फडकी साध्या पाण्यात धुतली आहेत," मी म्हणाले. ती इतकी हसली की तिकडे कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं.

पुढे लॅबने तिला सहीचं काम दिलं. त्या दिवशी कोट मी खळीशिवाय दिला. खांद्यावरून अगदी लोंबत होता. माझा हात दोनदा खळीच्या पातेल्याकडे गेला होता, पण आवरला. संध्याकाळी ती घरात शिरताच मी विचारलं, "केलीस सही?"

"केली. मसाल्याच्या नमुन्यावर."

"चांगला होता ना?"

"ते घरी नाही सांगता येत, आई."

म्हणजे चांगला नव्हता की काय? कोण असेल तो मसालेवाला? आणि हिने नळ्या कशाने पुसल्या असतील? मी दूध बघायला उठले. गॅसवर काहीच नव्हतं.