गुंडूरावांचा खडू आणि शिल्पाचं युद्धयंत्र

माझे भावजी गुंडूराव यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, खडू असायचा. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथ बनवणाऱ्या कारखान्यात ते रंगखात्याचे सुपरवायझर होते. रंगवून झालेल्या मशीनवर तिरपी बॅटरी मारायची, एक डोळा मिटायचा आणि दोष शोधायचा. कुठे रंगाचा ओघळ दिसला, कुठे धुळीचा कण अडकलेला दिसला, की त्यावर खडूने फुली. फुली पडली की मशीन परत घासायला जायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मशीनमध्ये तोंड बघून भांग पाडता यायचा, त्यामुळे कारखान्यात कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती राजाजीनगरात, कारण संध्याकाळी तो खडू त्यांच्याबरोबर घरी यायचा.

मी त्यांचा मेहुणा, पुरुषोत्तम. राजाजीनगरातच माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाची नवी पाटी लावली त्या दिवशी भावजींनी आधी कॉफी घेतली, मग स्टूल मागितलं, वर चढले आणि पाटीच्या कोपऱ्यात फुली मारून खाली उतरले. ओल्या रंगाला पेंटरचं बोट लागलं होतं म्हणे. चार गिऱ्हाइकांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. माझी बहीण पुष्पावती, म्हणजे आमची अक्का, मात्र सुटली. तिचा डोसा करपायचा, पण डोशावर खडू उठत नाही.

सुटली नाही ती त्यांची एकुलती एक मुलगी शिल्पाश्री. पोरगी सकाळी उठून दारात रांगोळी काढायची. भावजी कामाला जायला स्कूटर बाहेर काढायचे, थांबायचे, वाकायचे. "डावीकडे स्वल्प झुकलीय गं," म्हणायचे आणि झुकली असेल तिथे छोटीशी फुली. मग समाधानाने स्कूटरला किक. मला त्यांचं हे गणित कळायचं. जे आपलं नाही त्याच्यावर ते खडू झिजवत नसत. पण हे त्या लहान पोरीला कोण सांगणार? मी तरी कधी सांगितलं नाही.

पुढे शिल्पाला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. राजाजीनगरहून तिथे पोचायचं म्हणजे बस बदलत बदलत जीव मेटाकुटीला यायचा. तिने ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तिकडेच भाड्याने घर घ्यायचं ठरवलं. लग्नाआधी पोरीने वेगळं राहायचं, हे भावजींच्या पचनी पडेना. आठवडाभर घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. ती निघाली त्या दिवशी मी रिक्षा घेऊन आलो, तर तिची ट्रंक पडवीत ठेवलेली. भावजी आतून आले, वाकले आणि झाकणावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. शिल्पाने ती पुसली नाही. तशीच ट्रंक रिक्षात ठेवली, आईच्या पाया पडली आणि गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भावजी, पोरगी काय लेथ मशीन आहे काय हो?" असं मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. ते आत निघून गेले.

त्यानंतर शिल्पा सणावारी यायची, आईशी बोलायची, वडिलांना "हूं" आणि "सरी", म्हणजे बरं, यापलीकडे काही नाही. मधल्या काळात भावजींचा कारखानाही बंद पडला. घरात बसून बसून माणूस आंबून गेला. खडू खिशात होता, पण फुली मारायला समोर काही येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याआधी शिल्पा रिक्षातून एक भलंमोठं खोकं घेऊन उतरली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं राखाडी प्लॅस्टिकचं एक धूड होतं. चार पाय, पाठीवर तोफा, छातीवर जाळी, पोटाला कप्पे. मांजराहून मोठं आणि चांगलंच जड. तिच्या ऑफिसातला वेणुगोपाल कंपनीच्या कामाला इंग्लंडला गेला होता, त्याने तिथून सुटे भाग आणून ते चिकटवलं होतं. रविवारी ही मंडळी जमायची. टेबलावर खोटे डोंगर आणि पडक्या इमारती मांडायच्या, बोटाएवढे सैनिक उभे करायचे, टेपने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं.

"म्हणजे सारीपाटच की," मी म्हटलं.

"सरी मामा, सारीपाट. पण अजून हजारो वर्षांनंतरचा." मग ती वडिलांकडे न बघता म्हणाली, "छोटे सैनिक आम्ही रंगवतो. हे मोठं कोणाला जमेना, ब्रशचे फराटे दिसतात. मी सगळ्यांना सांगितलं, माझे अप्पा रंगवतील. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठा डाव आहे."

माझे अप्पा! अक्का पदराने डोळे पुसायला आत गेली. भावजींनी ते यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "शनिवारी ने." एवढंच. पण ते दिवसभर घरात ज्या चालीने फिरले, त्यावरून मला कळलं. हे नीट झालं तर पोरगी येत राहील. बिघडलं तर जो धागा उरलाय तोही तुटेल.

भावजींची फवाऱ्याची बंदूक तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. हवेचा कॉम्प्रेसर मात्र पीण्यात, त्यांच्या जुन्या फोरमनच्या, भीमाचार्यांच्या शेडमध्ये. म्हणून स्कूटरवर पुढे भावजी, मागे मी आणि माझ्या मांडीवर अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं युद्धयंत्र. सिग्नलला एक पोलीस तोफांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. दुकान नोकरावर टाकून मी हे धंदे करत होतो.

काम मात्र बघण्यासारखं होतं. सांधे लांबीने, म्हणजे पुट्टीने भरले, पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासले, खाली अस्तर मारलं, आणि वरून तो फिकट हिरवा रंग, जो त्यांनी जन्मभर लेथना दिला. प्रत्येक सांध्यावर लाल ठिपका, ग्रीस इथे घाला असं सांगणारा. तोफांच्या तोंडाशी पिवळेकाळे पट्टे, कामगाराचा हात जाऊ नये म्हणून. भीमाचार्य म्हणाले, "गुंडूरायरे, आता फक्त वीज जोडायची बाकी आहे."

अष्टमीला शिल्पा घरी बघायला आली. यंत्र चारी बाजूंनी फिरवून बघितलं. मग पिशवीतून एक चित्रांचं मासिक काढलं आणि त्यातलं पान उघडलं. तिथलं यंत्र जळकं, पोचे पडलेलं, गंजाने खाल्लेलं होतं.

"अप्पा, खूप छान झालंय. पण हे लढाईतून आलेलं आहे. ह्याला गंज पाहिजे, डाग पाहिजेत."

"गंज?" भावजींचा आवाज चढला. "माझ्या हाताने गंज लावू? पस्तीस वर्षं काय केलं मी?"

"तुमच्या कोऱ्या मशीनसारखंच सगळं असलं पाहिजे असं कुठे आहे? तुम्हाला डाग पडलेलं काही चालतच नाही. माणूससुद्धा!"

हे यंत्राबद्दल नव्हतं, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. शिल्पाने चपला घातल्या. "शनिवारी येऊन घेऊन जाते, असेल तसं," म्हणाली आणि जेवायलाही थांबली नाही. मासिक खुर्चीवर उघडंच राहिलं.

दुपारी भावजी माझ्या दुकानात आले, तांबडा ऑक्साइड घेतला, तपकिरी रंग घेतला आणि मला म्हणाले, "चल." आम्ही भीमाचार्यांच्या शेडमागे गेलो. तिथे पावसात पडलेल्या भंगाराचा ढीग होता. हा माणूस उन्हात उकिडवा बसून गंज बघत राहिला. आजवर फक्त खरवडून काढायला बघितलेला गंज. बोल्टच्या खाली कसा सुरू होतो, पाणी जिथून ओघळतं तिथे लांब कसा उतरतो. घरी येऊन त्यांनी स्पंजचा तुकडा रंगात बुडवून यंत्राच्या पायाला टेकवला, आणि लगेच फडक्याने पुसून टाकला. परत टेकवला, परत पुसला. मला बघवेना. "जमत नाही रे पुरुषोत्तम, हातच ऐकत नाही," ते म्हणाले. हा माणूस हार मानताना मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. अक्काने नेहमीप्रमाणे स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री, विळी सगळं पडवीत ओळीने मांडलं. त्या ओळीत तिने शिल्पाचं यंत्रही बसवलं. भावजी आंघोळीला गेलेले. अक्काने प्रत्येक तोफेला ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडू घातला, चारी पायांखाली लिंबं ठेवली. मग कोहळा कापून त्यात कुंकू कालवलं, सगळ्यांवरून ओवाळला आणि भक्तिभावाने यंत्राच्या पुढ्यातच आपटला. लाल पाणी सपकन उडून त्या हिरव्यागार अंगावर बसलं. मी कपाळाला हात लावला.

"अक्का, हे काय केलंस!"

"काय केलं म्हणजे? एवढ्या तोफा आहेत त्याला. आयुध नाही तर काय आहे?"

भावजी ओल्या अंगाने बाहेर आले. अक्काने फडकं उचललं, तर त्यांनी तिचा हात धरला. पाणी पायांवरून ओघळत होतं, सांध्यांत थांबत होतं, उन्हात सुकून तांबूस तपकिरी होत होतं. भंगारात बघितलं होतं अगदी तसं. "राहू दे," भावजी म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची घरात कोणाला सवय नव्हती. अक्का फडकं हातात घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिली.

ते पूर्ण सुकू दिलं. मग त्याच्या कडेकडेने भावजींचा स्पंज चालला, ह्या खेपेला न पुसता. वरून बिनरंगाचा वार्निश दिला.

शनिवारी शिल्पा आली. यंत्र बघून आधी हसली, "आई, तू ह्याला कुंकू लावलंस?" मग जवळ जाऊन गंजाच्या एकेका ओघळावरून बोट फिरवू लागली आणि तिचं हसू थांबलं. भावजींनी कपाटातून बॅटरी आणली, खिशातून खडू काढला आणि दोन्ही तिच्या हातात दिलं.

"तूच बघ. जिथे चुकलंय तिथे खूण कर."

शिल्पाने बॅटरी तिरपी धरली, एक डोळा मिटला. अगदी बाप. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला तिचा हात थांबला. "अप्पा, इथे वार्निशचा ओघळ आहे. हा काही गंजाचा नाही."

"माहीत आहे. हात चुकला."

"मग काढला नाहीत?"

"नाही. असू दे म्हटलं."

खडू त्या ओघळाजवळ गेला आणि तिथेच थबकला. तिने फुली मारली नाही. खडू मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "माझ्या ट्रंकेवरची फुली अजून तशीच आहे, अप्पा. वर चादर टाकून ठेवलीय."

अक्काने माझा दंड धरला. भावजी खाली बघत होते.

"घेऊन ये ती ट्रंक," ते म्हणाले.

"रंगवायला?"

"नाही. ती मी मारलीय, मीच पुसेन."

यंत्र मांडीवर घेऊन शिल्पा रिक्षात बसली. खडू तिच्याच पर्समध्ये गेला. डावात ते यंत्र पहिल्याच तासात मेलं म्हणे, पण सगळ्यांनी आधी फोटो काढून घेतले. हे तिने पुढच्या आठवड्यात आमच्यासोबत जेवताना सांगितलं, कारण त्या दिवशी ट्रंक आली होती.

भावजींनी पडवीत बसून ओल्या पंच्याने ती फुली पुसली. खडूची फुली ती, एका फटक्यात जाते. पण ते पुसत राहिले, झाकण कोरडं लख्ख झालं तरी पुसतच राहिले. शेवटी शिल्पा त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि तिने पंचा त्यांच्या हातातून काढून घेतला.