रेघेला ठिपका व्हायचं होतं

थोरली शाळेत गणित शिकवायची आणि घरी आईला सांभाळायची. दोन्ही कामं चोख. कौतुक मात्र दोन्हीकडे बेताचंच, कारण गणित कुणाला आवडत नाही आणि रोज समोर असणारं माणूस कुणाला दिसत नाही. यातलं दुसरं मत तिचं स्वतःचं होतं आणि ते ती भांडी घासताना जरा मोठ्यानेच मांडायची.

कौतुक व्हायचं धाकटीचं. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी उगवायची. ती येणार म्हटलं की आई सकाळीच केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून दाराकडे डोळे लावून बसायची. थोरलीने गुडघ्याचं विचारलं की उत्तर यायचं, "जीव घेतोय मेला." धाकटीने विचारलं की तोच गुडघा अगदी छान असायचा. थोरलीचा चहा पांचट, मोजे चढवताना तिचे हात गार, तिने खिडकी उघडली तर वारा झोंबतो, बंद केली तर जीव गुदमरतो. धाकटी नुसती पलंगाच्या कडेला टेकली तरी आईचा चेहरा उजळायचा. "प्रवासाने दमतेस गं तू," आई तिला म्हणायची. थोरली रोज बसमध्ये उभी राहून शाळेत जायची, तो बहुधा प्रवास नसावा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग ती स्वयंपाकघरात जाऊन आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

एका आठवड्यात नववीला आलेख शिकवायचे होते. तिने फळ्यावर दोन काढले. एक भरत जाणाऱ्या पाण्याच्या टाकीचा, त्यात अखंड रेघ. दुसरा वर्गात रोज हजर असलेल्या मुलांच्या संख्येचा, त्यात सुटे ठिपके.

"टाकीतलं पाणी एका पातळीवरून दुसरीवर उडी मारत नाही," ती म्हणाली. "मधल्या प्रत्येक क्षणाला काही ना काही पातळी असतेच. म्हणून रेघ. हजेरीचं तसं नाही. साडेतीस मुलं कधी येत नाहीत, आणि सोमवारची हजेरी अन् मंगळवारची हजेरी यांच्या अधेमधे कुठलीच हजेरी नसते. म्हणून ठिपके, आणि ते जोडायचे नाहीत."

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, माझी उंची फक्त वाढदिवसाला मोजतात. मग ते ठिपकेच ना?"

"मोजत नाहीत म्हणून तू वाढायची थांबतेस का? ठिपके मोजणाऱ्याचे, रेघ तुझी."

उत्तर झकास होतं. पण ते आपल्या बहिणीला लावून बघावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात आलं ते भलतंच. टाकीच्या रेघेकडे एकही पोर बघत नव्हतं आणि ठिपके मात्र सगळी बोटं नाचवत मोजत होती. म्हणजे हे असं आहे तर. आपण रेघ, धाकटी ठिपका. रेघ कायम असते, म्हणून तिची वाट कोण बघणार? त्यावर उपाय एकच होता. आपणही ठिपका व्हायचं.

शिक्षकांचं एक निवासी शिबिर दरवर्षी असायचं आणि दरवर्षी ती आईचं कारण सांगून टाळायची. या वर्षी तिने आपणहून नाव दिलं आणि धाकटीला फोन केला, "आठवडाभर तू येऊन राहा. मला जमणार नाही."

"येते की ताई," धाकटी म्हणाली. इतकी पटकन म्हणाली की थोरलीला तेही खुपलं.

शिबिरात तिने एकदाही घरी फोन केला नाही. फोन केला की रेघ झाली, असा तिचा हिशेब. दोन ठिपक्यांच्या मधे काही म्हणजे काही असता कामा नये. खोलीतल्या भूगोलाच्या बाई रोज आपल्या घरी बोलायच्या, तेव्हा ही उशीत तोंड घालून आपल्या परतण्याची रंगीत तालीम करायची. आई दाराशी. आईचे डोळे भरलेले. धाकटी मागे कुठेतरी, फारशी न दिसणारी.

ती दुपारी परतली. आई खरंच दाराकडे तोंड करून बसली होती, नीट विंचरून.

"आलीस? ये, बस. दमली असशील प्रवासाने," आई म्हणाली. थोरलीला भरून आलं. इतकी वर्षं ज्यासाठी ती झुरली होती, ते हेच. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि आईचा हात हातात घेतला.

"गुडघा कसा आहे?"

"अगदी छान."

थोरलीने गुडघ्याकडे निरखून बघितलं. "खरं सांग ना," ती म्हणाली.

"खरंच गं. तू सांग, तिकडे हवा कशी होती?"

तेवढ्यात धाकटी बाहेर आली. केस पिंजारलेले, डोळ्यांखाली काळं. तिला बघताच आईचा सूर पालटला. "खिडकी कुणी उघडली? आणि मोजे चढवतेस का थट्टा करतेस? हात नुसते गारढोण. हा गुडघा जीव घेतोय माझा, शेकायला पाणी कधी ठेवणार आहेस?"

"ठेवलंय गं आई, जरा दम धर," धाकटी म्हणाली. कंटाळलेली होती, पण तो हक्काचा कंटाळा होता. थोरलीला तो ओळखू आला, कारण आठवड्यापूर्वीपर्यंत तो तिचा होता. आणि तिला जन्मात वाटला नव्हता इतका हेवा वाटला. कौतुकाचा नाही, त्या कटकटीचा. तो गुडघा माझा आहे, असं ओरडावंसं वाटलं तिला.

आईला ठसका लागला. "पाणी दे गं," ती म्हणाली.

थोरली सवयीने उठली. आईने हाताने तिला थांबवलं, अगदी मायेने.

"तू कशाला उठतेस? तू बस. ती देईल."