मामाने बरा केलेला जबडा

माझा मामा बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडात बघतो. दोष त्याचा नाही, धंद्याचा आहे. छत्तीस वर्षं तो कवळ्या करतोय. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मामा घराच्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि घासणी घेऊन दात बसवतो. मामी म्हणते, माझ्या डोळ्यांचा रंग विचारलात तर त्याला सांगता येणार नाही; पण खालच्या उजवीकडची दुसरी दाढ किंचित आत कललीय, हे तो झोपेतसुद्धा सांगेल. आमच्या घरात मामासमोर कुणी मोकळेपणाने हसत नाही. हसलं की तो पुढे वाकतो.

अशा माणसाला मी जीवाश्मांच्या कामाला लावलं, ही माझी अक्कल.

मी एका छोट्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन खोल्या, एक जिना, आणि जिन्याखाली मी. पद शिक्षण अधिकाऱ्याचं, काम अर्ज लिहिण्याचं. वरच्या खोलीत आमच्या संशोधक बाई बसतात. दगडातून हाडं सोडवण्यात त्यांची निम्मी हयात गेली, आणि उरलेली निम्मी त्यासाठी कुणीतरी अनुदान देईल याची वाट बघण्यात. मेलेल्या प्राण्यांसाठी पैसे मागायला गेलं की लोक आधी जिवंतांची यादी ऐकवतात. लोकांचंही चुकत नाही, पण तीन वर्षं तेच ऐकून माझे कान किटले होते.

यंदा मात्र बटणांच्या एका कारखानदाराच्या नावाने चालणाऱ्या ट्रस्टने आमचा अर्ज अर्धा मान्य केला. त्यांच्या पत्रात होतं: आधी चाळीस शाळांसाठी चाळीस पेट्या करा. प्रत्येक पेटीत बाईंना सापडलेल्या जबड्याची प्रतिकृती, एक भिंग आणि माहितीची पुस्तिका. आमच्या प्रतिनिधी येऊन बघतील. पसंत पडलं, तर पुढची तीन वर्षं बाईंच्या संशोधनाचाही भार उचलू. नाही पडलं, तर वरची खोली बंद होणार आणि बाई सिमेंटच्या कंपनीत दगड तपासायला जाणार, हे ठरलेलं होतं. त्या नोकरीचं पत्र बाईंनी टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं.

जबडा गेंड्याच्या एका दूरच्या भाऊबंदाचा होता, लाखो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून पुसल्या गेलेल्या. खालचा जबडा, दोन्ही बाजू शाबूत, फक्त डावीकडची एक दाढ मुळापाशी मोडलेली. मी अर्जात लिहिलं होतं, ‘मूळ जीवाश्माची तंतोतंत प्रतिकृती’. आता तंतोतंत जबडे आख्ख्या गावात करतं कोण? मी मामाकडे गेले. हल्ली लोक हाडातच दात रोवून घेतात, त्यामुळे कवळ्यांचं काम आटलं होतं आणि मामा घरात बसून मामीच्या स्वयंपाकात चुका काढत होता. मामीनेच त्याच्या वतीने होकार दिला.

बाई उत्खननाला दोन महिने बाहेर होत्या. तेवढ्यात मामाने चाळीस जबडे करून दिले. काय देखणे जबडे! मी स्वतःच्या हाताने पेट्यांत भरले, खाली मऊ कापड घालून.

ट्रस्टच्या प्रतिनिधी त्या दिवशी सकाळी अकराला येणार होत्या. बाई आदल्याच दिवशी परतल्या होत्या. साडेनऊला त्यांनी पहिली पेटी उघडली. मग काचेच्या कपाटातला मूळ जबडा काढून त्यांनी शेजारी ठेवला. मोडकी दाढ प्रतिकृतीत ठणठणीत उभी होती. त्या दाढेखालचं हाड मूळ जबड्यात फुगीर होतं, ते प्रतिकृतीत सपाट. दातांची ओळ पट्टी लावून आखल्यासारखी. दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. चाळीसही जबडे सुधारलेले.

मामा कौतुक ऐकायला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी त्याला जिन्याखाली ओढलं आणि दबक्या आवाजात जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मामाला खरंच कळेना की मी का चिडलेय. “अगं, चावा बसत नव्हता त्याचा,” तो म्हणाला. “असं कसं पाठवायचं?”

छत्तीस वर्षांत मोडका दात त्याच्या खोलीतून कधी बाहेर गेला नव्हता. त्याने आधी अगदी मुळाबरहुकूम एक नमुना केला, मग उजवीकडची दाढ बघून डावीकडे तशीच बसवली, ओळ घासून सपाट केली, आणि मग त्या दुरुस्त नमुन्यावरून चाळीस काढले. वर त्या दाढेचे जादा पैसे लावायचे नाहीत, असं मोठ्या मनाने ठरवलंही होतं.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, पालथ्या पत्रावर हात ठेवून. मला ते बघवेना. मी सरळ मूळ जबडा उचलला आणि झाडूच्या कपाटात ठेवून दिला. विचारलं तर साफसफाईला गेलाय म्हणून सांगायचं. बाई नको म्हणाल्या, पण फार जोर लावून म्हणाल्या नाहीत.

प्रतिनिधी बाई वेळेवर आल्या. हाडकुळ्या, करड्या, बसायला स्वतःची उशी बरोबर आणणाऱ्या. त्यांनी तोंड उघडताच मामा पुढे वाकला. वरची कवळी सैल होती, हे मलाही दिसत होतं. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यांनी प्रतिकृती हातात घेतली, फिरवली, बोट दातांवरून नेलं आणि म्हणाल्या, फार सुरेख काम आहे, इतका पूर्ण जबडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मी हसले. आमच्या बाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत होत्या.

“बाई, तो तसा नाहीये,” मामा प्रतिनिधी बाईंना म्हणाला. “मी तो नीट केलाय. खरा झाडूच्या कपाटात आहे. माझ्या भाचीने ठेवलाय.”

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मी मनापासून मागितलं. प्रतिनिधी बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन कपाट उघडलं.

मामाने दोन्ही जबडे टेबलावर मांडले आणि कुठे कुठे हात लावला ते एकेक करून दाखवू लागला, गिऱ्हाइकाला हिशेब द्यावा तसं. ही दाढ नवी. हे हाड खरवडलं. “आणि डावीकडची सगळी ओळ उंच होती, ती घासली. अशी तशी नाही, चांगली अंगठ्याच्या नखाएवढी. उजवीकडचे दात चावून चावून झिजलेत, डावीकडचे नवेकोरे. याने वर्षानुवर्षं डावीकडून घासच चावला नाही. कसा चावेल? ठणकत असणार. माझ्याकडे अशी माणसं रोज येतात.”

खिडकीशी उभ्या असलेल्या बाई वळल्या. ती दाढ प्राणी मेल्यानंतर दगडांच्या दाबाने मोडली, असं त्यांनी स्वतःच्या लेखात छापलं होतं. त्यांनी भिंग घेतलं आणि मोडलेल्या दाढेच्या कडा बघितल्या, मग हाडाचा फुगवटा, मग उजवीकडची झीज, मग परत डावीकडची. आम्ही तिघं उभे. खोलीत पेटीच्या कापडाचा वास येत होता.

“कडा गुळगुळीत आहेत,” त्या म्हणाल्या. “मोडल्यानंतरही हा जगलाय. सहा वर्षं हा माझ्या टेबलावर आहे, आणि मी दोन्ही बाजू एकमेकींशेजारी ठेवून मोजल्याच नाहीत.”

त्यांना स्वतःची चूक कळली होती आणि त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या होत्या. मला त्या क्षणी बाई फार आवडल्या. स्वतःची मात्र लाज वाटली.

प्रतिनिधी बाईंनी उशी काखेत मारली. निर्णय मंडळाचा असतो, आपण फक्त जे पाहिलं ते लिहू, एवढंच म्हणाल्या. जाताना दोन्ही जबडे मागून नेले. दारात मामाने त्यांना गाठलंच आणि वरच्या कवळीबद्दल काहीतरी सांगितलं. मी कान झाकून घेतले.

पाच आठवड्यांनी दोन्ही जबडे परत आले आणि सोबत पत्र. तीन वर्षांचं अनुदान मंजूर. अट एकच: प्रत्येक पेटीत दोन जबडे हवेत, एक जसा होता तसा आणि एक बरा केलेला, म्हणजे मुलांना फरक स्वतः शोधता येईल. बाईंनी सिमेंटवाल्यांना नकार कळवला आणि वरच्या खोलीचं कुलूप मला तेल घालायला दिलं.

म्हणजे मामाला आता चाळीस मोडके जबडे करायचे होते. मी पत्र घेऊन गेले, तेव्हा वाटलं होतं की तो खुशीत येईल. त्याने विचारलं, शेवटी त्या प्राण्याचं झालं काय? मी बाईंनी सांगितलेलं सांगितलं: पुढे उजवीकडचेही झिजून संपले, मग चावता येईना, आणि उपासमारीने गेला असावा. मामा हातातल्या फडक्याची घडी घालत बसला.

मग काम सुरू झालं. मी मदतीला बसले होते. पहिला वाकडा जबडा साच्यातून निघाला, तो त्याने उजेडात धरला, फुगलेल्या हाडावर अंगठा टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

“जिवंतपणी माझ्याकडे आला असता ना,” तो म्हणाला, “तर आठ दिवसांत खायला लावलं असतं याला.”

आणि त्याने दुसऱ्या साच्यात प्लास्टर ओतलं, मोडक्या दाढेच्या तळापर्यंत पोचेल असं, हळूहळू.