धुतलेला मास्क

गेल्या थंडीत देवीवर माझा फार राग होता. जव्हारजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. क्षयाचे पेशंट दिवसभर माझ्यासमोर खोकतात. तीन आठवडे माझाही खोकला हटेना. भीतीने आठ महिन्यांच्या लेकीला सासूबाईंच्या खोलीत ठेवलं, दूध काढून वाटीचमच्याने पाजायला दिलं. ती रडायची आणि मी दाराबाहेर बसून महालक्ष्मीला म्हणायची, बाई गं, तुझीच माणसं सांभाळते ना मी? मग माझ्याच घरावर का उठलीस? इतकी थकले होते की हात जोडायचाही कंटाळा यायचा.

मास्कच्या बाबतीत मी पक्की शिस्तीची. एन-९५ मोजकेच मिळायचे, म्हणून दर सोमवारी साबण लावून खसाखसा धुवायचे आणि मंगळवारी, देवीच्या वारी, स्वच्छ मास्क लावून कामाला. इतर जणींना त्यांच्या घामट मास्कवरून टोमणेही मारायचे. मी माझी थुंकी तपासणीला दिली त्याच दिवशी वावर गावाकडच्या जीपने एक म्हातारी आली, सोबत तिशीतली बाई. म्हातारी तोंडाला पदर न लावता खोकली, तशी मी त्या बाईवरच खेकसले, "सुनेला एवढंही कळू नये?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, ह्यो मास्क धुतलास काय?"

"मग? घाण घालू?"

"भिवंडीला रंगाच्या कारखान्यात होते मी. 'धोया तो गया,' आमचा सुपरवायझर बोलायचा. धुतला का निस्तं फडकं ऱ्हातं." तिने माझ्या मास्कवर ओंजळ धरली. "फुंक जोरात." फुंकले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गरम वारा थेट डोळ्यांत आला.

डॉक्टरांना विचारलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो सिस्टर, साबणाने त्याची जंतू अडवायची ताकद जाते. तुम्ही धुता हे मला माहीतच नव्हतं!" त्यांनी नवा मास्क दिला, नाकावरची पट्टी दाबून बसवायला लावली. बाहेर आले तर बाकावर म्हातारी एकटीच. सून कुठे गेली, विचारलं. "माला कुठली सून, बाय! जीपमधी भेटली, हात धरून आणलं तिनं."

ती कोण, हे मी शोधत बसले नाही. गावी परतलेली कुणी कामगार बाई असेल. पण माझी चूक सांगायला आलेल्या माणसावर मी आधीच खेकसले होते, ही लाज अजून जात नाही. देवीला शरण जाणं म्हणजे नवस आणि ओटी, असंच मला वाटायचं. आपला ताठा सोडून कुणाचं तरी ऐकणं त्याहून कितीतरी अवघड आहे, बाई.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. क्षय नव्हता. संध्याकाळी लेकीला अंगावर घेतलं. तिने आधी तोंड फिरवलं. मग ती लुचू लागली, आणि मी नुसतीच "आई, तुझे उपकार गं" म्हणत रडत राहिले.